जुनी डिझेल पिकअप : सकाळी सेल्फ खाते, घाटात दम टाकते. पंप उघडायचा का?

हापूस_पिकअप

गाडी २००८ ची डिझेल पिकअप. डीआय इंजिन, टर्बो, डिझेल दाबाने सोडणारा जुना मेकॅनिकल रोटरी पंप. कॉमन रेल (नवी, इलेक्ट्रॉनिक पद्धत) नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून 'हिच्यापेक्षा ती बरी' सुरू होतं.

देवगडातून आंब्याच्या पेट्या भरायच्या, तळेरे, वैभववाडी करत भुईबावडा घाट चढायचा आणि गगनबावड्यावरून कोल्हापूर मार्केट यार्ड, हा सीझनमधला धंदा. सपाटीला गाडीबद्दल तक्रार नाही. घाटात दुसऱ्या गिअरला लोड आला की ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही आवाज वाढत नाही, गाडी हुंदके देते. पाय थोडा सोडला की परत उचलते. मागे पेट्या असतात, त्यांच्या मागे एसटी हॉर्न मारत असते, बाकी काय होतं ते सांगायला नको.

दुसरा त्रास सकाळचा. रात्रभर उभी राहिली की खूप सेल्फ खाते. तेवढा वेळ सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही, मग एकदम पांढरा भपका येतो आणि इंजिन पकडतं. त्यानंतर दिवसभर चावी फिरवली की सुरू.

आतापर्यंत डिझेल फिल्टर नवा, एअर फिल्टर नवा, बॅटरी नवी, इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल पंप रूममधून (पंप-नोझलच्या वर्कशॉपमधून) टेस्ट करून आणले. मिस्त्री म्हणतात आता पंपच राहिला, उघडावा लागेल, अठरा-वीस हजार धरून चाला. आंबा ऐन भरात आहे, गाडी उभी ठेवणं परवडणार नाही. पंपाला हात लावायच्या आधी काही बघण्यासारखं आहे का?

रिकामा_वेळ

गाडी विका.

हापूस_पिकअप

विकत घ्या. पेट्यांसकट देतो.

मालवणी_हिसको

आमच्या गाडयेक पण ह्योच त्रास होतो. टाकयेचा बूच सैल करून बघलंस काय?

हापूस_पिकअप

नाही बघितलं. बुचाचा काय संबंध?

पंप_रूम

संबंध आहे. डिझेल जितकं बाहेर जातं तितकी हवा टाकीत यावी लागते. बुचातलं किंवा टाकीवरच्या नळीतलं भोक मातीने बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल खेचता येत नाही. तपासायला पैसे लागत नाहीत. घाटात गाडीने दम टाकला की सुरक्षित जागी बाजूला घ्या, बूच फिरवा. 'फुस्स' असा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली तर काम तिथेच झालं.

आता पंपाबद्दल. मी पंपांचंच काम करतो, त्यामुळे 'पंप उघडू नका' हे माझ्याकडून ऐकायला विचित्र वाटेल. पण रोटरी पंपाचं हेड, म्हणजे दाब तयार करणारा भाग, झिजलं की गाडी सकाळी थंडीत बरी सुरू होते आणि तापल्यावर रडवते. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून मागे सरकतं, सेल्फच्या कमी फेऱ्यांत नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. चहाला थांबलात आणि निघताना गाडी सुरू होईना, तर पंपावर संशय घ्या. तुमची गाडी बरोबर उलटी वागते. रात्री उभी राहिली की त्रास, तापली की चोख.

सेल्फ मारताना धूर नाही याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. पोचून जळलं नसतं तर पहिल्यापासून पांढरा धूर आला असता. म्हणजे रात्रीत लाईनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि त्याच्या जागी हवा येते. तुमच्या गाडीला टाकीतून डिझेल आणून देणारा वेगळा फीड पंप आहे का, की पंपाच्या पोटातला व्हेन पंपच टाकीतून ओढतो?

हापूस_पिकअप

वेगळा फीड पंप नाही. फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा प्रायमर आहे. सकाळी तो आधी दाबून घेतला तर कमी सेल्फमध्ये सुरू होते हे आमच्या ड्रायव्हरने शोधून काढलंय. सुरुवातीला प्रायमर अगदी पोकळ लागतो, मग घट्ट होतो.

पंप_रूम

मग ड्रायव्हरने निम्मं निदान करून ठेवलंय. पोकळ प्रायमर म्हणजे हवा.

तुमच्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाईन ओढीवर चालते. फिल्टरसुद्धा. त्यामुळे कुठे फट असली तरी तिथून डिझेल ठिबकत नाही, हवा आत शिरते. खाली डाग नाही, ओल नाही, म्हणून मिस्त्री लाईन चांगली आहे असं धरून पंपाकडे वळतात. डिझेल दाबलं की नोझल उघडतो. हवा मात्र नुसती आकसते आणि नोझल बंदच राहतो. सपाटीला डिझेल कमी लागतं तेव्हा थोडी हवा खपून जाते, घाटात फुल लोडला खपत नाही.

करायचं असं. फिल्टर ते पंप या तुकड्याच्या जागी पारदर्शक पाईप लावा. क्लिप नीट आवळा, मॅनिफोल्ड आणि फॅनपासून लांब बांधा. हा पाईप तपासणीपुरताच, साधा प्लास्टिकचा पाईप डिझेलने कडक होऊन चिरतो. गाडी सुरू करून रेस द्या. एखादा बुडबुडा वरच्या वळणावर अडकून बसला तर सोडून द्या. बुडबुड्यांची माळ चालू राहिली तर हवा येतेय.

माळ दिसली तर कॅन. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन टाकीच्याच उंचीला, जमिनीजवळ ठेवा. फिल्टरकडे येणारा पाईप आणि रिटर्नचा (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) पाईप, दोन्ही त्यात बुडवा. आता टाकी आणि चेसिसवरची लाईन खेळातून बाहेर. बुडबुडे थांबले तर दोष टाकीच्या बाजूला. चालूच राहिले तर फिल्टर, प्रायमर, बॅन्जो बोल्टचे (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर यांपैकी काहीतरी.

बरेच जण कॅन थेट बॉनेटला टांगतात आणि फसतात. कॅन वर गेला की डिझेल उताराने येतं, ओढ राहत नाही, त्यामुळे फिल्टरजवळची फटही झाकली जाते आणि दोष टाकीकडचा वाटतो. टांगायचा तो नंतर, जागा शोधायला. तेव्हा हवा आत यायच्या ऐवजी डिझेल बाहेर पाझरतं आणि फट डोळ्याला दिसते.

हे सगळं अंगणात. कॅन लावून रस्त्यावर जायचं नाही, आणि जवळ विडी-सिगारेट नको.

ऑईलवाला_बाबा

एवढं करण्यापेक्षा टाकीत टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑईल टाका. बीएस-सहा डिझेल कोरडं असतं, त्यानेच जुने पंप मरतात. माझ्या गाडीत पहिल्यापासून टाकतो, काही त्रास नाही.

पंप_रूम

बाबा, तुमच्या गाडीला त्रास नाही याचा आनंद आहे. देशभर १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आलं, त्याआधी बीएस-चारला ५० होतं. गंधक काढताना वंगणपणा कमी होतो हे खरं, पण त्यासाठी रिफायनरीतच ॲडिटिव्ह घालतात आणि वंगणपणाची मर्यादा प्रमाणकात ठरलेली आहे. जुने सील वयाने कडक होतात आणि पाझरायला लागतात, ते माझ्या टेबलावर रोज येतात. टू-टीने कडक रबर मऊ होत नाही. आणि इथे प्रश्न हवेचा आहे.

सौ_टेम्पोवाली

आमच्या घरी दोन पिकअप आहेत, नारायणगाव ते वाशी टोमॅटो. एक गोष्ट सांगते. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर डोक्याला चिकटून राहतं आणि पोऱ्या नवा फिल्टर त्याच्यावरच चढवतो. दोन रबरं एकावर एक बसली की हवा ओढायला लागते. तुमचा त्रास फिल्टर बदलायच्या आधीपासून आहे की नंतर वाढला? आणि एअर काढताना बॅन्जोला तांब्याची वॉशर नवी टाकली होती का? आमच्याकडे गॅरेजमध्ये तीच वॉशर उलटी करून बसवत होते. आता मी वॉशरची पुडी ड्रायव्हरजवळ ठेवते.

हापूस_पिकअप

त्रास आधीपासूनच. पण फिल्टर काढून बघितला ताई, रबर एकच आहे. वॉशर जुनीच निघाली, नवी टाकली.

बुचाची परीक्षा झाली. 'फुस्स' नाही, फरक नाही.

पारदर्शक पाईप लावला. रेस दिल्यावर बारीक बुडबुडे सलग येतात, सोड्याच्या बाटलीत दिसतात तसे. कॅन खाली ठेवून लावला तर दोन मिनिटांत पाईप स्वच्छ. रात्रभर कॅनवरच ठेवली. सकाळी चावी फिरवली आणि सुरू झाली, बायको बाहेर येऊन विचारते, आज काय झालं?

पंप_रूम

पंप निर्दोष सुटला. वीस हजार खिशात ठेवा. आता टाकी ते फिल्टर, एवढ्याच भागात शोधायचं. चेसिसवर लोखंडी पाईप जिथे क्लॅम्पखाली दबलाय तिथे गंज बघा, समुद्राकडच्या गाड्यांना तिथेच खातो. दोन्ही टोकांचे रबरी तुकडे सरळ बदला, वाकवून भेगा बघत बसू नका.

चौथा_गिअर

माझी २०१७ ची पिकअप, कॉमन रेल आहे, ती पण मिस मारते. इंजिन चालू ठेवून नोझलचे नट एकेक ढिले करून बघू का? जुन्या गाडीला आमचा मिस्त्री असंच करायचा. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला.

पंप_रूम

अजिबात नाही. ती युक्ती जुन्या मेकॅनिकल पंपाची, तिथेही चेहरा लांब ठेवून, चष्मा-हातमोजे घालून आणि नटाला फडकं गुंडाळून करायची. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जातो. ती धार कातडी फोडून आत शिरते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. कुणाला असं झालं तर मलम लावून घरी बसू नये, त्याच तासात मोठ्या हॉस्पिटलात जावं आणि 'दाबाखालचं डिझेल आत गेलंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

तुमच्या गाडीला स्कॅनर लावा आणि इंजेक्टरचं रिटर्न चार बाटल्यांत मोजून घ्या. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा खूप लवकर भरते तो इंजेक्टर आतून गळतोय.

डेट्रॉइटचा_दाजी

धागा आवडला. इकडे माझ्याकडे नव्वदच्या दशकातली पेट्रोल पिकअप आहे. तिचा पंप टाकीतच असतो, त्यामुळे लाईन दाबाखाली असते. फट पडली तर पेट्रोल बाहेर येतं, वास येतो, चटकन कळतं. म्हणून इथे पहिलं काम रेलवर प्रेशर गेज लावायचं. फ्युएल इंजेक्शनच्या जुन्या पिकअपना साधारण ४० ते ६० पीएसआय लागतो, नेमका आकडा मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये. चावी बंद केल्यावर काटा झरझर खाली आला तर कुठेतरी गळतंय. तुमच्या ओढीच्या लाईनला असा गेज उलटा, व्हॅक्यूमचा लावता येईल ना?

पंप_रूम

येतो. पंपाच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून व्हॅक्यूम गेज लावला तर एका नजरेत दोन रोग वेगळे होतात. ओढ खूप वाढली तर लाईन तुंबलेली, ओढ कमी आणि सोबत बुडबुडे तर हवा. पण आपल्याकडे गेज मिळेपर्यंत कॅनने काम झालेलं असतं.

हापूस_पिकअप

रबरी तुकडे बदलले, दोन्हीकडे नव्या क्लिपा. चेसिसवरचा पाईप एका क्लॅम्पखाली बराच खाल्लेला निघाला, तिथला तुकडा कापून नवा टाकला. सकाळचा त्रास निम्म्याने कमी झाला. पण परवा घाटात परत तेच. वर पोचेपर्यंत तीन वेळा पाय सोडावा लागला. घरी येऊन पारदर्शक पाईप बघितला, बुडबुडे कमी आहेत पण आहेत. आता राहिलं काय?

रिकामा_वेळ

विकायचं मनावर घ्या.

मालवणी_हिसको

थांब रे. माका एक सांग, घाटात ह्या होता तेव्हा टाकयेत डिझेल किती आसता?

हापूस_पिकअप

असं कधी बघितलं नव्हतं. वही काढली. डिझेलच्या पावत्या आणि ड्रायव्हरने लिहिलेले शेरे ताडून बघितले. टाकी फुल करून निघालो त्या खेपांना शेरा नाही. त्रास झाला त्या सगळ्या खेपांना डिझेल आदल्या फेरीचं, म्हणजे काटा अर्ध्याच्या खाली.

हे खरंच कारण असेल? मला वाटलं डिझेल आहे म्हणजे आहे.

मालवणी_हिसको

आसाच. टाकयेतलो पाईप फुटलोहा. आमचो पण तोच होतो.

सौ_टेम्पोवाली

दादा बरोबर सांगतायत. टाकीत वरून खाली तळापर्यंत एक नळी जाते, तिच्यातून डिझेल वर ओढलं जातं. शहाळ्याच्या नळीला मध्येच भोक असेल तर पाणी भोकाच्या वर असेपर्यंत कळत नाही, खाली गेलं की नुसती हवा तोंडात येते. तुमच्या नळीला मध्यावर कुठेतरी भोक आहे. रात्री डिझेल मागे उतरतं तेही तिथूनच. घाटात चढावर डिझेल टाकीच्या मागच्या भिंतीकडे सरकतं, म्हणून तिथे जास्त.

टाकी उतरवणार असाल तर जवळजवळ रिकामी असताना उतरवा. भरलेली टाकी दोन माणसांच्या अंगावर येते.

पंप_रूम

मी पाईप आणि प्रायमरमध्ये अडकलो, हिसको यांनी नेमका प्रश्न विचारला. उतरवा टाकी. तळाशी नळीच्या टोकाला जाळी असते तीही बघा.

एक सूचना. नळी जोडायची झाली तर फ्लोटचं युनिट (डिझेलचा काटा चालवणारं, नळीही त्यालाच असते) टाकीतून पूर्ण बाहेर काढून, टाकीपासून लांब नेऊन ब्रेझिंग करून घ्या. फ्लोट आणि वायर आधी सोडवा. टाकीला जागच्या जागी वेल्डिंग मारायला कुणी तयार असेल तर त्याला नमस्कार करून परत या. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ असते.

हापूस_पिकअप

सापडलं.

टाकी उतरवायला पट्ट्यांचे बोल्ट सगळ्यात जास्त नडले, एक कापावाच लागला. युनिट वर काढलं. नळी वरून बघितली तर धड. मग मिस्त्रींनी खालचं टोक अंगठ्याने दाबलं, नळी बादलीतल्या पाण्यात आडवी धरली आणि वरच्या टोकाने फुंकर मारली. मध्याच्या जरा वर, जिथे फ्लोटची पट्टी नळीला डाग देऊन जोडलेली असते, नेमकं त्या डागाच्या कडेला बुडबुडे. पुसून उन्हात धरल्यावर सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं, भोवती तपकिरी वर्तुळ. फ्लोट हलून हलून डागापाशी पत्रा थकला असणार, असं मिस्त्रींचं म्हणणं.

जाळीवर काळा चिकट थर होता, बोटाला गुळासारखा लागला. टाकीच्या तळाशी वाटीभर पाणी आणि गंजाचा चुरा निघाला.

ब्रेझिंग करून घेतलं, परत बादलीत फुंकून बघितलं, टाकी दोन वेळा डिझेलने खळखळून धुतली. मुद्दाम काटा पाव टाकीवर ठेवून पेट्यांसकट घाट चढवला. दुसऱ्या गिअरला पाय एकदाही सोडावा लागला नाही. पारदर्शक पाईप काढून रबरी परत बसवलाय. मिस्त्रींनीच पंप उघडायला सांगितलं होतं आणि त्यांनीच भोक शोधलं, त्यामुळे त्यांना एक पेटी पोचली.

पंप_रूम

पेटीचा फोटो टाकू नका, त्रास होतो.

तो काळा थर पाणी आणि डिझेल एकत्र साठलं की त्यांच्या सीमेवर वाढणाऱ्या जंतूंचा असतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते. फिल्टरखालचा कॉक अधूनमधून सोडून पाणी काढा. टाकी धुतल्यावर सुटलेला गाळ आता फिल्टरवर येणार, तेव्हा हा फिल्टर नेहमीच्या मुदतीची वाट न बघता बदला. एक जादा फिल्टर गाडीत राहू द्या.

ऑईलवाला_बाबा

टू-टी टाकलं असतं तर गंज लागला नसता.

मालवणी_हिसको

बाबा 🙏

सौ_टेम्पोवाली

याच धाग्यात विचारते. आमची दुसरी गाडी, तीही रोटरी पंपाची. सकाळी एका सेल्फला सुरू. वाशीला माल उतरवून अर्ध्या तासाने निघायचं म्हटलं की सुरू होत नाही, थांबून थंड झाली की होते. वर पंप_रूम यांनी लिहिलंय ते वाचून पोटात गोळा आला. हा पंपच ना?

पंप_रूम

लक्षणं पंपाचीच आहेत ताई, पण लगेच उतरवू नका. पुढच्या वेळी तापलेली असताना सुरू झाली नाही तर ओलं फडकं पंपाच्या हेडवर दोन-चार मिनिटं ठेवा आणि मग सेल्फ मारा. लगेच पकडली तर हेड झिजलंय. बादलीने थंड पाणी मात्र ओतू नका, गरम पंप एकदम आवळला तर आत जाम होऊ शकतो.

त्याआधी पंपावरच्या सोलेनॉइडची (चावीसरशी डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर बघा. चावी ऑन केली की 'टक्' असा आवाज यायला हवा. तापल्यावर तो आवाज येत नसेल तर वायर, कनेक्शन किंवा सोलेनॉइडच, आणि ते काम पंप न उतरवता होतं. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने बॉनेटपाशी कान लावायचा. सेल्फ मारायचा नाही, नुसती चावी ऑन.

सौ_टेम्पोवाली

उद्या गाडी वाशीला आहे. ड्रायव्हरला फडकं आणि पाण्याची बाटली देऊन पाठवते. 'टक्'चं पण सांगते. कळवते इथेच.